मधुकरराव, तुमच्या लेट्यूसवर मी माती टाकली

मधुकरराव,

तुमच्या पोरानं तुमच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलंय. वर्षश्राद्धाला वाटणार म्हणे. परवा माझ्याकडं आला आणि म्हणला, "काका, तुमी त्यांचे साडू. भिंतीला भिंत लागून राहिलेले. दोन शब्द तुमी लिहायलाच पायजेत." आता मला सांगा, चाळीस वर्षांच्या साडूपणात मी तुमाला दोन शब्दांत सोडलं, असं कधी झालंय का?

बाकीच्यांनी लिहिलेलं त्यानं मला वाचायला दिलं. एकानं लिहिलंय, तुमी अजातशत्रू होतात. दुसऱ्यानं लिहिलंय, रेल्वेत गार्ड असून तुमच्या अंगात गार्डाचा ताठा नव्हता. तिसऱ्यानं लिहिलंय, तुमी मितभाषी होतात. ह्याला मी जबाबदार हाय. माझ्यासमोर तुमाला तोंड उघडायला जागा मिळाली असती तर लोकांना कळलं असतं तुमी किती बोलके होतात ते.

तर ते समदं छापू द्या. हे मी तुमालाच लिहायलो, पोराला द्यायचं का न्हाई ते नंतर बगू. मला एक गुन्हा कबूल करायचाय, आणि ज्याच्यापुढं करायचा तो माणूस जाऊन महिना व्हायला आला. गच्चीवरच्या थर्माकोलच्या खोक्यात तुमी दोनदा लेट्यूसचं बी टाकलं आणि दोनदा ते उगवलं न्हाई. तुमी चिमण्यांवर संशय घेतलात, मुंग्यांवर घेतलात, शेवटी स्वतःच्या हातावर घेतलात. चिमण्या निर्दोष हायेत, मधुकरराव. मुंग्याही निर्दोष. ते मी केलं.

पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सांगितलेलं तुमाला कधी चालायचं न्हाई.

ह्या पाल्याची आणि तुमची गाठ पडली ती माझ्या पुतण्याच्या लग्नात, नांदेडला. तिथं जेवणाच्या टेबलावर काकडी, गाजर, टमाट्याची फुलं असं काय काय रचून ठेवलं होतं आणि त्याच्या खाली शोभेला झालरीसारखी हिरवी पानं अंथरली होती. लोक काकडी उचलायले, गाजर उचलायले. तुमी थेट खालचं पान ओढलंत. वरची समदी रचना ढासळली, टमाट्याचं एक फूल घरंगळत जाऊन नवरीच्या मामाच्या बुटापाशी थांबलं. वाढणारा पोऱ्या धावत आला आणि म्हणला, "बाबा, ते खायचं न्हाई, ते शोचं हाय." तुमी पानाला मीठ लावून ते शांतपणे खाल्लंत आणि मला म्हणलात, "साडूभाऊ, करकरीत हाय. पाणीदार हाय." मी म्हणलं, "आमच्या झरी गावच्या शेळीला हे दिलं तर ती मालकाच्या तोंडाकडं बगंल." तुमी दुसरं पान ओढलंत.

इथं मला माझं बी थोडं सांगावं लागंल, न्हाईतर माझा गुन्हा उगं बिनबुडाचा दिसंल. झरीचं शेत पोराच्या हवाली करून मी पूर्णेला आलो ते कौसाच्या गुडघ्यांपायी. तिला दवाखाना जवळ पायजे होता, आणि त्याहून जवळ तिची धाकटी बहीण, म्हणजे तुमची सुमन. बहिणींचं भागलं. माझं काय? झरीत सकाळी दात घासायच्या आधी चार माणसं ओट्याशी यायची. आबा, वापसा आला का, पेरायचं का? आबा, औंदा कोणतं बी घ्यावं? पूर्णेत मला कोणी काय विचारलंच तर इतकंच, "आजोबा, तुमी रांगेत हाव का?" साठ वर्षांची शेतकी डोक्यात घेऊन मी बाजारात कोथिंबिरीची जुडी उलटी-पालटी करत उभा राहायचो आणि भाजीवाली म्हणायची, "घ्यायची तर घ्या बाबा."

तुमी ते बगितलं होतं. रोज संध्याकाळी मला जंक्शनच्या पुलावर न्यायचात, ही गाडी कुठं चालली, ती कुठून आली, सांगायचात. मला त्यातलं अर्धं कळायचं न्हाई, पण घराबाहेर पडणं व्हायचं. आणि एक दिवस तुमी म्हणलात, "साडूभाऊ, गच्चीवर चार मिरच्या लावाव्या म्हणतो. माझा जलम रुळावर गेला, मला मातीतलं काय कळंना. तुमी जरा सांगा." तवा मला वाटलं, आला शेवटी ताळ्यावर. आता वाटतं, तुमाला मिरच्यांची तेवढी पडली नव्हती. माझं तोंड उतरलेलं तुमाला बगवत नव्हतं. ह्याबद्दल तुमचे उपकार मानायचे राहून गेले. मी उलट मिरचीच्या रोपातलं अंतर चुकलं म्हणून तुमच्यावर डाफरलो.

त्यानंतर मी थांबलोच न्हाई. मिरची झाली, वांगं झालं, मेथी झाली. तुमी कुंडी उजवीकडं ठेवली की मी डावीकडं. तुमी सकाळी पाणी घातलं की मी म्हणायचो संध्याकाळी घालायचं, आणि तुमी संध्याकाळी घातलं की काल बदललेला नियम मी आज परत बदलायचो. मेथी अशी फोफावली की बगणारा म्हणायचा, वा मधुकरराव. तुमी लगेच माझ्याकडं बोट दाखवून म्हणायचात, "साडूभाऊंची कृपा." आणि मी, निलाजरा माणूस, मान हलवायचो.

मग दसऱ्याच्या आसपास तुमच्या लेकीनं पुण्याहून ते पाकीट पाठवलं. वर झालरीची पानं, मागं बारीक अक्षरं. तुमी भिंग घेऊन बसलात आणि मला गच्चीवर बोलावलंत. मला वाटलं, विचारायला बोलावलं. तुमी सांगायला बोलावलं होतं.

"साडूभाऊ, ह्यावर लिहिलंय, बी गाडायचं न्हाई. मातीवर वरच्या वर टाकायचं. त्याला उजेड लागतो."

"कोणाला?"

"बियाला."

मी हसलो ते खाली स्वयंपाकघरात सुमनला ऐकू गेलं. मी म्हणलं, "मधुकरराव, उजेड झाडाला लागतो. बियाला अंधार लागतो. पाच पिढ्या आमी बी झाकायलोत, आजवर एका बियानं वर येऊन तक्रार केली न्हाई की मला दिसंना. आमचे वडील म्हणायचे, झाकलं बी मालकाचं, उघडं बी पाखराचं. हे ज्यानं लिहिलंय त्याच्या पायाला कधी चिखल लागलाय का?"

"ते मला ठाऊक न्हाई," तुमी म्हणलात. "पण बी त्याचं हाय."

आणि मग तुमी जे बोललात ते मला आज बी जसंच्या तसं ऐकू येतं. भिंग खाली ठेवलंत, पाकिटाची घडी केलीत आणि म्हणलात, "साडूभाऊ, राग मानू नका. मिरची तुमची, वांगं तुमचं, मेथी तर तुमच्या घरचीच. म्हणून तर मी हे आणलं. हे तुमी बी कधी लावलं न्हाई. एवढं एक मला माझ्या मनानं करू द्या. चुकलं तर चुकू द्या."

पासष्टी उलटलेल्या माणसाला स्वतःच्या गच्चीवर चुकायला माझी परवानगी मागावी लागली, ह्याची मला तवा शरम वाटायला पायजे होती. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आता हा माणूस माझा सल्ला घेणार न्हाई, तर मी सकाळी उठून जायचं कुठं?

तरी मी "बरं" म्हणलो. बियाकडं बगितलं तर जिऱ्याच्या निम्मं. तुमी ते चिमटीनं असं टाकलंत की देवाला अक्षता वाहायलात. वरून बाटलीच्या फवाऱ्यानं धुकं मारलंत आणि आंघोळीला खाली गेलात. मी एकटाच खोक्यापाशी उभा. खोक्यात काळी माती, आणि मातीवर ते उघडं बी. वारा सुटलेला. मधुकरराव, मला ते बगवंना. झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण सरकलेलं दिसलं तर हात आपोआप जातो का न्हाई? तसा माझा हात गेला. बाजूच्या घमेल्यातली माती घेतली आणि दोन बोटं थर दिला. वरून जरा थोपटलं. देवाशपथ सांगतो, पहिल्यांदा माझ्या मनात खोट नव्हती.

आठ दिवस गेले, दहा गेले, खोक्यात काय बी न्हाई. तुमी रोज सकाळी वाकून बगायचात, चष्मा पुसून परत बगायचात. आणि मी, ज्यानं माती टाकली तोच मी, तुमाला वर तोंड करून म्हणलो, "सांगितलं होतं, झाकून लावा. उघडं टाकलं, पाखरांनी नेलं." हे बोलताना माझी जीभ जरा सुद्धा अडली न्हाई. खोटं सुद्धा इतक्या वेळा बोललो की मला ते पटलं. मी मनाशी धरून बसलो की मी झाकायच्या आधीच पाखरांनी डाव साधला असणार.

दुसऱ्या पेऱ्याची तुमी जी तयारी केली, तशी कोणी लग्नाची करत न्हाई. खोकं गरम पाण्यानं धुतलंत. माती चाळायला सुमनची पिठाची चाळणी घेतलीत, त्यावरून दोन दिवस तुमच्या घरात वरणभातावर भागलं. थंडी पडायला पायजे म्हणून दिवाळी जाईतो थांबलात. आणि पाखरांसाठी तुमची नोकरीतली जुनी लाल झेंडी काढून खोक्याच्या कोपऱ्यात खोवलीत. छत्तीस वर्षं त्या झेंडीनं मोठमोठ्या गाड्या थांबवल्या, मधुकरराव. मी थांबलो न्हाई.

त्या सकाळी बी टाकून तुमी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलतात. जिता हाय हे सांगायला तुमी रांगेत उभे, आणि मी इकडं तुमच्या गच्चीवर घमेलं घेऊन. ह्या वेळेला लेकराचं पांघरूण बिंघरूण काय नव्हतं. ह्या वेळेला मला जिंकायचं होतं. मी ठरवलं होतं, गुपचूप झाकायचं, बी उगवलं की चार दिवस तुमाला नाचू द्यायचं आणि मग हळूच सांगायचं, बगा, मी झाकलं म्हणून आलं. म्हणून पहिल्यापेक्षा जास्त माती टाकली आणि तळव्यानं चांगली दाबली. पायाखालची जमीन असती तर वरून वखर फिरवला असता.

ते काय उगवणार? आता मला कळतं. ते बियाणं जिऱ्याच्या निम्मं, त्याच्या छातीवर मी सातबारा ठेवला होता.

पंधरा दिवसांनी तुमी बोटानं माती उकरून बगितलीत. मी कठड्याशी उभा राहून तुमच्या बोटाकडं बगत होतो. पण बी एवढं बारीक, ते काय सापडतंय. तुमी माती परत सारखी केलीत आणि हात झटकलेत. सुमन कपडे वाळत घालायली होती. ती हसत म्हणली, "सोडा की आता. तुमच्या हाताला गुणच न्हाई. तुमी गाजरगवत लावलं तरी मरंल." तुमी बी हसलात. मी तर लयच हसलो. त्या हसण्याचं मला आज काय वाटतं ते लिहायला शब्द न्हाई, म्हणून पुढं जातो.

तिसऱ्या वेळेला तुमी हुशारी केलीत. झरीहून पोराचा फोन आला की त्याला ताप भरलाय, हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस न्हाई. मी पिशवी भरली. तुमी मला स्टेशनावर सोडायला आलात, गाडी हलली तसा हात केलात, आणि सुमन सांगते, तिथून सरळ घरी जाऊन पाकिटातलं उरलेलं समदं बी खोक्यात टाकलंत. माझ्या जाण्याची वाट बगत होतात का, हे मी तुमाला कधी विचारणार नव्हतो. आता विचारता बी येणार न्हाई.

सहाव्या दिवशी कौसाचा फोन आला, मधुकररावांच्या छातीत दुखायलंय, नांदेडला नेलंय. मी हरभऱ्याचं पाणी तसंच सोडून निघालो. कौसानं सांगितलं होतं, पूर्णेला उतरून सुमनचं लुगडं आणि तुमचा टॉवेल घेऊन या. टॉवेल गच्चीवर होता. म्हणून मी वर गेलो.

खोकं हिरवं झालं होतं, मधुकरराव. कडेपासून कडेपर्यंत. दोन-दोन पानांची इवली इवली रोपं, एकमेकांच्या अंगावर पडायलेली, मेथीसारखी गच्च. एकावर बी मातीचा कण न्हाई. माझं काय झालं सांगू? मला आधी राग आला. खरंच राग आला, पाकीट लिहिणाऱ्याचा, तुमचा, त्या पाल्याचा. मग तिथंच जिन्याच्या पायरीवर बसलो. साठ वर्षांत पहिल्यांदा एका बियानं मला तोंडावर सांगितलं होतं की तुला काय बी कळत न्हाई. आणि त्याच्या मागोमाग दुसरं कळलं, की पहिल्या दोन्ही वेळेला काय झालं. टॉवेल घेऊन मी खाली आलो.

दवाखान्यात तुमी उशीला टेकून बसलेले. नाकात नळी. मला बगून पहिला प्रश्न हरभऱ्याचा विचारलात, दुसरा पोराच्या तापाचा. मग टॉवेलाकडं बगितलंत.

"गच्चीवर गेलते का?"

"गेलतो."

"उगवलं का?"

मधुकरराव, एक शब्द होता. "उगवलं." एवढाच. पण तो शब्द काढला असता तर तुमी विचारलं असतं, मग आधी कामून उगवलं न्हाई? तुमी गार्ड माणूस, एक डबा मागं राहिला तर समदी गाडी थांबवणारे. मला तिथं नळ्यांमध्ये बसून ते सांगायचं नव्हतं. म्हणलं, दोन-चार दिवसांत घरी येतीलच, आपल्या डोळ्यांनी बगतील, तोवर मी काय तरी जुळवून ठेवीन.

मी म्हणलो, "अजून न्हाई. थंडी हाय. येईल."

तुमी डोळे मिटलेत. मिटल्या डोळ्यांनीच म्हणलात, "जाऊ द्या. आपला हात रुळाचा हाय, साडूभाऊ. मातीला वळखू यायचा न्हाई." मी तुमचा हात धरला. तुमाला वाटलं असंल, धीर द्यायला धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन चहा आणायला खाली गेली आणि तुमी गेलात.

दहाव्याला नदीवर मी तयारीनं आलतो. एक वाक्य मनात पाठ करून ठेवलं होतं. कावळा अडणार ह्याची मला खात्री होती. तो अडला, लोक काय काय कबूल करू लागले, की आपण पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि समद्यांसमोर सांगायचं. पिंड ठेवून माणसं चार पावलं मागं सरली न्हाईत तोच कावळा आला, शिवला आणि जाताना एक वडा बी घेऊन गेला. समदे म्हणले, काय भाग्यवान जीव, कशात म्हणून अडकला न्हाई. तुमची वेळेवर निघायची खोड तिथं बी नडली. मला तो कावळा चुकीच्या पत्त्यावर आल्यागत वाटला, पण पिंडावरून परत कोणाला बोलावता येत न्हाई. माझं वाक्य तसंच गिळून मी घरी आलो.

सुतकाचे ते दिवस खोक्याला पाणी मीच द्यायचो. तुमच्याच बाटलीनं, धुक्यासारखं. सुमन म्हणायची, "दाजी, तुमचा लय जीव होता त्यांच्यावर." खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगं न्हाई. तिनं तसं म्हणलं की मी बाटली घेऊन दुसऱ्या कुंडीकडं वळायचो. चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी बाटली खाली ठेवली.

"सुमन, आधीच्या दोन्ही वेळचं बी माझ्यामुळं गेलं."

"म्हणजे?"

"त्याला झाकायचं नव्हतं. मी झाकलं. ते नसताना वरून माती टाकली."

तिनं तीन-चार शेंगा अजून सोलल्या. मग हात थांबला. "दोन्ही वेळेला?"

"दोन्ही वेळेला. आणि दवाखान्यात त्यांनी विचारलं तवा हे उगवलेलं होतं. मी न्हाई म्हणून सांगितलं."

सुमन ओरडंल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणली, "मी त्यांना म्हणले होते, तुमच्या हाताला गुण न्हाई. ते हसले म्हणून मला वाटलं, गमतीत घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तुळशीला पाणी घालायचं सोडलं, दाजी. म्हणले, तूच घाल, माझ्या हातानं उगं वाळून जाईल. तीस वर्षं तुळशीला पाणी त्यांनीच घातलं होतं." मग तिनं माझ्या पायाजवळची बाटली उचलली. "उद्यापासून वर येऊ नका."

हे तुमी मला कधी सांगितलं न्हाई, तुळशीचं. रोज सकाळी मी भिंतीपलीकडून बगायचो, सुमन पाणी घालायली. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील तुमचे.

त्यानंतर भिंत दोन हात उंच झाल्यासारखी झाली. बहिणी-बहिणी बोलायच्या, वाटीतून भाज्या इकडं-तिकडं जायच्या, पण मला तिकडून चहाचं बोलावणं येईना. कौसाला मी समदं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुमाला काय गरज होती?" पन्नास वर्षांच्या संसारात तिनं मला न्यायालयात उभं करावं असे शंभर प्रसंग आले, पण इतका सरळ सवाल कधी केला नव्हता. त्याचं उत्तर तुमाला देतो. गरज होती, मधुकरराव. तुमच्या गच्चीवर मला कोणीतरी व्हायचं होतं. तुमी ती जागा मला मोकळ्या मनानं दिली होती आणि स्वतःसाठी एक खोकं मागितलं होतं. ते बी मी सोडलं न्हाई.

काल सकाळी सुमननं भिंतीवरून हाक मारली. "दाजी, जरा वर या."

मी गेलो. रोपं आता बोटभर झाली होती, पानांना झालर धरायला लागलेली, आणि एवढी दाटी की हवा जाईना. सुमन खोक्यापाशी बसून विरळणी करायली होती. माझ्याकडं न बगता म्हणली, "बसा."

मी बसलो आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. तिनं एक रोप उपटलं, मग दुसरं. मधुकरराव, ती उलटं करायली होती. जाड देठाची, भरल्या पानांची रोपं काढायली आणि पिवळट, लुळी पडलेली ठेवायली. कोणतं बी पीक असू द्या, विरळणीत किडकं काढायचं आणि जोमाचं ठेवायचं, हे झरीच्या बुजगावण्याला बी ठाऊक हाय. माझ्या जिभेच्या शेंड्यावर वाक्य येऊन बसलं. पाठीमागं एका हातानं मी दुसरा हात घट्ट धरला.

सुमन थांबली. "दाजी, हे असंच करत्यात ना? कोणतं ठेवायचं, कोणतं काढायचं?"

मी खोक्याकडं बगितलं. "सुमन," मी म्हणलो, "हे पीक मधुकररावांचं हाय. मला ह्यातलं काय बी ठाऊक न्हाई."

ती माझ्या तोंडाकडं बगत राहिली. डोळे भरले तिचे. म्हणली, "दाजी, हे त्यांनी ऐकायला पायजे होतं."

मग पदरानं तोंड पुसून ती परत खाली वाकली आणि चांगली चांगली रोपं उपटत राहिली. मी काय बी बोललो न्हाई.